‘गॅस संपलाय’ हे निदान नव्हे : गाडीचा एसी गार का होत नाही, ते कसं शोधायचं

उन्हाळा तापायला लागला की एसीच्या गॅरेजपुढे गाड्यांची रांग लागते आणि पाळी आलेल्या बहुतेकांना एकच वाक्य ऐकायला मिळतं : “साहेब, गॅस संपलाय.” गॅस भरला जातो, पैसे दिले जातात, पंधरा दिवस गाडी गारेगार असते आणि नंतर पुन्हा तोच कोमट वारा. त्या वाक्यातच गोची आहे. एसीतला गॅस चालवून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून वर्षानुवर्षं तोच तो फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेर पडला आहे, आणि ती जागा सापडेपर्यंत नवीन भरलेला गॅसही त्याच वाटेने जाणार. शिवाय गारवा न येण्याची कितीतरी कारणं अशी आहेत की त्यांचा गॅसशी काही संबंधच नाही. त्यातली निदान चार-पाच तरी घरच्या पार्किंगमध्ये, एकही पाना न लावता ओळखता येतात.

त्यासाठी आत काय चालतं ते थोडक्यात समजून घ्यावं लागेल.

एसीचं काम म्हणजे केबिनमधली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकणं. ती उचलतो गॅस. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. मोकळ्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंश सेल्सियसलाच उकळतो. दाब वाढवत नेला की उकळण्याचं तापमानही वर सरकतं. गेजवर साधारण २८ पीएसआय दाब असेल तर तो शून्य अंशाला उकळतो आणि २३० पीएसआयच्या आसपास ६० अंशांना. सगळी करामत या दोन आकड्यांत आहे. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये दाब कमी ठेवलेला असतो, त्यामुळे तिथे गॅस शून्याच्या जरासा वर उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता केबिनच्या हवेतून ओढून घेतो. मग इंजिनच्या बेल्टवर फिरणारा कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. दाबल्यावर ती इतकी तापते की नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या दुपारीही ती बाहेरच्या हवेपेक्षा गरमच असते. म्हणूनच रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ती आपली उष्णता त्या तापलेल्या हवेला देऊ शकते. उष्णता गेली की वाफेचा द्रव होतो, ड्रायरमध्ये त्यातला ओलावा शोषला जातो आणि तो एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रापाशी येतो. छिद्रापलीकडे दाब एकदम पडतो आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे गारवा हवा असेल तर गॅस पुरेसा हवा, तो फिरवणारा कॉम्प्रेसर चालू हवा, कंडेन्सरला वारा मिळायला हवा आणि कॉइलवरून जाणारी हवा तुमच्यापर्यंत पोचायला हवी. यातलं नेमकं काय बिघडलंय, हाच प्रश्न.

वारा कमी आहे की गारवा कमी आहे?

लोक दोन्हीला “एसी चालत नाही” असंच म्हणतात, आणि गॅरेजवालाही फोड करून विचारायच्या भानगडीत पडत नाही. ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवा आणि जाळीपुढे हात धरा. हवा गार आहे पण जेमतेम येतेय, तर गॅसचा विषय बाजूला ठेवा आणि आधी केबिन फिल्टर काढून बघा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लव्हबॉक्सच्या मागे असतो. दोन्ही बाजू आत दाबून ग्लव्हबॉक्स खाली सोडला की झाकण दिसतं. कडुनिंबाखाली गाडी लावणाऱ्यांच्या फिल्टरमध्ये वाळक्या पानांचा चुरा आणि त्यावर धुळीचा थर असा काही बसलेला असतो की हा फिल्टर आहे की पायपुसणं, असा प्रश्न पडावा. नवीन फिल्टर टाकला की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावरच चालत असेल आणि खालच्या वेगांवर गप्प राहत असेल, तर बहुधा त्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर गेलेला असतो. तो छोटा भाग आहे, स्वस्तही आहे.

एक मजेशीर तक्रार हायवेवाल्यांची असते. तासभर एसी झकास चालतो, मग वारा हळूहळू बारीक होत होत जवळजवळ थांबतो. चहाला थांबून वीस मिनिटांनी गाडी सुरू केली की परत झकास, आणि गाडीखाली नेहमीपेक्षा मोठं थारोळं. इथे कॉइलवर बर्फ धरलेला असतो. कॉइलचं तापमान शून्याखाली जाऊ लागलं की कॉम्प्रेसर थांबवणं हे तिथल्या सेन्सरचं काम; तो बिघडला, किंवा फिल्टर चोंदल्यामुळे कॉइलवरून पुरेशी हवाच गेली नाही, की हवेतलं बाष्प तिथे गोठतं आणि हवेची वाट बंद करतं. गॅस थोडा कमी झाला तरी कधीकधी असंच होतं. प्रवासात असं झालं तर एसीचं बटण बंद करून ब्लोअर दहा मिनिटं पूर्ण वेगाने चालू ठेवा, बर्फ वितळेल. दुरुस्ती घरी पोचल्यावर.

वारा भरपूर, पण कोमट

आता खरी शोधाशोध. सुरुवात अगदी बाळबोध गोष्टीने करा : रिसर्क्युलेशनचं, म्हणजे केबिनमधलीच हवा पुन्हा फिरवणारं बटण दाबलेलं आहे ना? ते बंद असेल तर एसी दर क्षणी बाहेरची नवीन ४० अंशांची हवा गार करत बसतो. गाडी धुणाऱ्या पोऱ्याच्या हातून तापमानाचा नॉब फिरलेला असतो, हेही बघून घ्या. हसू नका, असं होतं.

मग मोजमाप. अंदाजावर भांडण्यापेक्षा साधा डिजिटल थर्मामीटर बरा, ताप मोजायचा सोडून कुठलाही चालेल. गाडी सावलीत, काचा बंद, रिसर्क्युलेशन चालू, ब्लोअर मध्यम वेगावर, इंजिन साधारण १५०० आरपीएमला. दहा मिनिटांनी मधल्या जाळीत ७ ते १० अंश दिसले तर एसी ठणठणीत आहे. बाहेर फारच ऊन असेल तर आकडा दोन-चार अंश वर राहतो आणि त्यात बिघाड काही नसतो. दमट हवेतही तसंच. १ किलो हवा १ अंशाने गार करायला साधारण १ किलोज्यूल उष्णता काढावी लागते, पण त्याच हवेतल्या १ ग्रॅम बाष्पाचं पाणी करायला जवळपास २.४ किलोज्यूल. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत मे महिन्यात दर किलो हवेत वीस ग्रॅमच्या घरात बाष्प असतं. म्हणजे तिथल्या एसीची मोठी ताकद पाणी गाळण्यातच खर्ची पडते. गाडीखालून ठिबकणारं पाणी ते हेच. पुण्याहून मुंबईला आलेल्या माणसाला त्याच गाडीचा एसी ‘मंद’ वाटतो, तेव्हा त्याने गॅरेज गाठायची घाई करू नये.

आकडा खरोखरच वाईट असेल, १८-२० अंशांच्या पुढे, तर बॉनेट उघडा. इंजिन चालू असताना बघायचं आहे, म्हणून हँडब्रेक ओढा आणि ओढणी, सैल बाह्या, हात बेल्टपासून लांब ठेवा. कॉम्प्रेसर बेल्टच्या एका पुलीवर असतो. पुली सतत फिरते, पण तिच्या तोंडावरची गोल चकती एसी बंद असताना स्थिर असते. आतून कुणाला तरी एसीचं बटण दाबायला सांगा. ‘टक्’ असा आवाज होऊन ती चकती पुलीला चिकटून गरकन फिरायला लागली, इंजिनचा आवाज क्षणभर दबला, तर कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा क्लच लागतोय. काही नव्या गाड्यांत हा क्लचच नसतो, चकती कायम फिरते आणि आतली क्षमता कमी-जास्त होते; तिथे ही परीक्षा लागू नाही.

क्लच लागतच नसेल तर फ्यूज आणि रिले, म्हणजे क्लचची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, बघा. फ्यूजबॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, असतो. तो तात्पुरता अदलाबदल करून पाहिला की रिलेचा सोक्षमोक्ष लागतो. दोन्ही ठीक असतील तर संशय गॅसवर जातो, आणि इथे तो रास्त आहे. कॉम्प्रेसरचं वंगण तेल गॅससोबतच फिरतं. गॅस फार कमी झाला तर तेल परत येणार नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा घासून मरेल, म्हणून दाब पडल्यावर प्रेशर स्विच क्लच लागूच देत नाही. कुणी हुशार मेकॅनिक तो स्विच ‘डायरेक्ट’ करून कॉम्प्रेसर चालवून दाखवू लागला, तर त्याला तिथेच थांबवा. क्लच लागतो आणि दोन-चार सेकंदांत सुटतो, पुन्हा लागतो, पुन्हा सुटतो, असं सारखं होत असेल तर तेही कमी गॅसचंच लक्षण. सकाळी नीट आणि तासाभराने तापल्यावर क्लच लागेनासा झाला, तर चकती आणि पुली यांच्यातली फट झिजून वाढलेली असू शकते. ही फट असते जेमतेम अर्धा मिलीमीटर. चकती ओढणारी क्लचमधली विजेची कॉइल तापली की तिची चुंबकीय ओढ कमी पडते आणि वाढलेली फट ओलांडता येत नाही. इथे कॉम्प्रेसर बदलायची गरज नसते. फट जुळवून किंवा क्लच बदलून भागतं.

“चालत्या गाडीत गार, सिग्नलला गरम” ही तक्रार ऐकली की मी आधी पंख्याकडे बघायला सांगतो. गाडी पळत असताना कंडेन्सरला वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीत तो पंख्यानेच द्यायचा असतो. एसी लावल्यावर थोड्याच वेळात पंखा फिरायला हवा. फिरत असेल तर एक युक्ती करा : कंडेन्सरवर समोरून तांब्याभर साधं पाणी हळूहळू ओता आणि आत जाळीतला थर्मामीटर बघा. आकडा झरझर उतरला तर गॅस, कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह सगळे कामाचे आहेत. कंडेन्सर मळलाय किंवा पंखा दमलाय. यवतमाळकडे कापसाच्या हंगामात कंडेन्सरच्या पात्यांत तंतू आणि धूळ यांचा नमदा होतो. तो समोरून दिसतोच असं नाही, कधी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बसलेला असतो. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमची पातीच भुसभुशीत होतात, तिथे धुऊन उपयोग नाही, कंडेन्सर बदलावाच लागतो. धुताना वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारू देऊ नका. पाती आडवी झाली की वारा कायमचा अडतो.

अजून एक खूण. इंजिनच्या खणातून केबिनकडे जाणाऱ्या दोन नळ्यांपैकी जाड नळी एसी चालू असताना गार हवी, दमट दिवसांत तिला घाम फुटलेला दिसतो. बारीक नळी गरम असते. हात लावताना चटका बसू शकतो. जाड नळी बर्फासारखी गार आहे आणि जाळीतून मात्र कोमट वारा येतोय, तर गॅस पूर्ण निर्दोष. डॅशबोर्डच्या आत गार आणि गरम हवा मिसळणारी झडप असते, ती हीटरच्या बाजूला अडकलेली आहे. तिची मोटर बिघडली की आतून टकटक आवाजही येतो.

गेज लावल्यावर

इथून पुढे मेकॅनिकचं काम. पण तो काय वाचतोय, ते कळलेलं बरं. निळं गेज कमी दाबाच्या बाजूला, लाल जास्त दाबाच्या.

पहिली फसगत इंजिन बंद असतानाच होते. “बघा, ९५ आहे, गॅस आहे की!” स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये तळाशी थोडा द्रव उरला असला तरी शेगडी भरल्या सिलिंडरसारखीच पेटते, तसंच हे. आत थोडाही द्रव असेपर्यंत दाब फक्त तापमानावर ठरतो : ३० अंशांना आर-१३४एचा दाब ९५-९७ पीएसआय, ४० अंशांना १३० च्या वर. आत ४५० ग्रॅम असो की २५० ग्रॅम, आकडा तोच. बंद गाडीच्या गेजवरून गॅस किती आहे ते कळत नाही. तो जवळजवळ रिकामा झालाय, एवढंच कळू शकतं.

इंजिन चालू केल्यावर ३५ अंशांच्या दिवशी निळं गेज साधारण ३० ते ४५ आणि लाल २०० ते २५० दाखवत असेल तर ठीक. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. दोन्ही वर असतील तर कंडेन्सरमधून उष्णता बाहेर पडत नाही, किंवा गॅस जास्त भरलाय, किंवा आत हवा शिरलीय. निळा वर आणि लाल खाली, म्हणजे दोघे एकमेकांकडे सरकलेले, तर कॉम्प्रेसर दाबायचं काम करत नाही. निळा शून्याखाली जाऊ पाहतोय तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे, बहुधा एक्सपान्शन व्हॉल्व्हपाशी. आत ओलावा असेल तर त्या छिद्रापाशी बर्फाचा खडा तयार होतो, थोडा वेळ एसी बंद ठेवला की विरघळतो आणि पुन्हा होतो. ही लपाछपी फार मेकॅनिकांना चकवते.

गळती शोधायची तर आधी डोळ्यांनी. गॅससोबत तेलही थोडं बाहेर येतं, त्यामुळे गळक्या जोडाभोवती धूळ चिकटून काळसर, ओशट डाग पडतो. नळ्यांचे जोड, कंडेन्सरची खालची कड, कॉम्प्रेसरचं पुढचं सील, सर्व्हिस पोर्टचे व्हॉल्व्ह, एवढ्या जागा टॉर्च मारून बघितल्या तरी बरंच सापडतं. पुष्कळदा दोषी निघते ती एक कडक झालेली ओ-रिंग, करंगळीत जेमतेम मावेल एवढी. डाग दिसला नाही तर सिस्टिम रिकामी करून नायट्रोजन भरायचा आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, किंवा रंग टाकून अतिनील टॉर्चने शोधायचं. बाहेर कुठेच काही नाही म्हटल्यावर उरते डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल. अनेक गाड्यांत तिच्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, मजुरी भागापेक्षा महाग पडते, आणि नीट न बसवल्यास पुढे जन्मभर खडखडाट. म्हणून कॉइलचं निदान पक्क्या पुराव्याशिवाय मान्य करू नका.

सहा-सात वर्षांच्या गाडीत मात्र एखादी गोष्ट सोडून द्यावी लागते. रबरी नळ्या आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून दरवर्षी थोडे ग्रॅम गॅस जातच असतो. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच गॅस कमी निघाला आणि गळती कुठेही सापडली नाही, तर भरून घ्या आणि लक्ष ठेवा. दर उन्हाळ्यात भरावा लागतोय, तर मग गळती आहेच. सील ओलं राहावं म्हणून थंडीतही आठवड्या-पंधरवड्याला दहा मिनिटं एसी चालवायची सवय चांगली.

भरताना

गळती दुरुस्त झाल्यावर व्हॅक्यूम. पंप लावून आतली हवा काढायची, निदान अर्धा तास. यात हवा जाते, शिवाय दाब इतका खाली येतो की आतला ओलावा साध्या तापमानालाच उकळून निघून जातो. मग पंप बंद करून काटा तसाच राहतो का, ते थोडा वेळ बघायचं. पाच मिनिटांत व्हॅक्यूम ‘मारून’ लगेच गॅस सोडणाऱ्याने निम्मंच काम केलेलं असतं. सिस्टिम उघडी राहिली असेल तर ड्रायरही बदलावा.

गॅस वजनाने भरायचा. किती, ते बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. लहान गाड्यांत साधारण ३५० ते ५०० च्या दरम्यान. “अजून थोडा मारू का, मस्त गार होईल” हा प्रेमळ प्रस्ताव नाकारा. जास्त गॅसने कंडेन्सरमध्ये द्रव साचतो, उष्णता टाकायला जागा कमी उरते आणि गारवा घटतो. कॅनवरही नजर ठेवा. बनावट कॅनमध्ये स्वस्त मिथाइल क्लोराइड मिसळलेलं सापडतं, आणि ते ॲल्युमिनियमशी रासायनिक क्रिया करतं. २०११ मध्ये व्हिएतनाममध्ये असा गॅस भरलेल्या जहाजी शीत कंटेनरांचे स्फोट होऊन कामगार दगावले होते. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. तो महाग आहे म्हणून त्याजागी आर-१३४ए भरून घेऊ नये. जुना गॅस काढायचा तर मशीनमध्ये ओढून घ्यायला सांगा. तो ‘फुस्स’ करून हवेत सोडणं ही आपल्याकडची रोजची रीत आहे, पण १ किलो आर-१३४ए वातावरण तापवण्याच्या बाबतीत तेराशेहून अधिक किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे. भारताने २०२१ मध्ये किगाली करार मंजूर केला आहे आणि २०३२ पासून हे वायू टप्प्याटप्प्याने कमी व्हायचे आहेत.

कॉम्प्रेसर आतून घासून गेला असेल तर खर्च कॉम्प्रेसरवर थांबत नाही. धातूचा कीस तेलासोबत कंडेन्सरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. ड्रायर, एक्सपान्शन व्हॉल्व्ह आणि पुष्कळदा कंडेन्सर बदलल्याशिवाय नवीन कॉम्प्रेसर बसवला, तर तोच कीस त्यालाही खातो. वॉरंटीचा दावा मग कुणी मानत नाही. बिलावर किती ग्रॅम गॅस भरला, कोणतं तेल किती घातलं आणि गळती कुठे होती, हे तिन्ही लिहून घ्या. पुढच्या वेळी दुसऱ्या मेकॅनिकला तोच कागद कामाला येतो.

इलेक्ट्रिक गाडीचा हिशोब वेगळा. तिथे कॉम्प्रेसर बेल्टवर नसून शेकडो व्होल्टवर चालतो, त्याकडे जाणाऱ्या वायरा नारिंगी रंगाच्या असतात आणि त्यांना हात लावायचा नाही. तेलही वेगळं, वीज वाहून न नेणारं. नेहमीच्या पेट्रोल गाडीच्या एसीचं तेल त्यात चुकून गेलं तर इन्सुलेशन बिघडून गाडी सुरूच व्हायची नाही, म्हणून नाक्यावरच्या गॅरेजात तिचा गॅस भरून घेऊ नका. शिवाय अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरीही याच गॅसने गार ठेवली जाते. तिथे एसी मंदावला तर भर उन्हात फास्ट चार्जिंगही मंदावतं. एसीची तक्रार नेताना चार्जिंगला किती वेळ लागतोय, तेही सर्व्हिस सेंटरला सांगा.